कॅलिपरला हळदकुंकू

गुडघे गेले आणि जीप आली, दोन्ही एकाच वर्षी. आमचं शेत नाल्यापलीकडे आहे. पायी जायचं तर अर्धा जन्म जातो, आणि आमच्या ह्यांच्या मोटरसायकलवर मागे बसायचं तर उरलेला. म्हणून बावन्नाव्या वर्षी मी गाडी शिकले, आमच्याच वावरात, बांधांना धडका देत देत. शिकवणारं कोणी नव्हतं, त्यामुळे ओरडणारंही कोणी नव्हतं.

जीपच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक होते, मागच्यांना जुने ड्रम. ड्रम म्हणजे चाकात उलटं घातलेलं पातेलंच समजा. नाला ओलांडला की त्यात आमची काळी माती जाऊन बसते, आणि ती एकदा बसली की दिवाळीच्या पाहुण्यांसारखी, उठायचं नाव नाही. मग ब्रेक दाबला की एक चाक धरतं आणि दुसरं विचार करत बसतं.

नवरात्राच्या तोंडावर तसंच झालं. नाला ओलांडून गावाकडचा उतार लागला, मी ब्रेक दाबला, आणि जीप गर्रकन फिरून मागच्या अंगानं शेजाऱ्याच्या सोयाबीनच्या कुटारात, मळणीनंतरच्या भुशाच्या ढिगात, शिरली. शेजारच्या सीटवर हे होते. बाहेर निघाले तेव्हा मिशीत कुटार, कानात कुटार. मी हसले नसते तर बहुतेक प्रकरण तिथंच मिटलं असतं.

घरी येऊन त्यांनी जीपची चाबी बंडीच्या आतल्या खिशात घातली आणि निकाल दिला की, दसऱ्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी भंगारवाला येईल. मी म्हटलं, मग मी शेतात कशी जाऊ? तर म्हणाले, कायले जातं, घरी बस, टीव्ही पाह्य. टीव्हीवरच्या त्या बायकांना चार-चार वर्षं घराबाहेर पडता येत नाही, हे मी पाहिलेलं आहे. मी दोन दिवस त्यांच्या वरणात मीठ घातलं नाही. तिसऱ्या दिवशी तडजोड झाली. भंगारवाला यायच्या आत त्याच उतारावर, त्याच कुटाराजवळ जीप सरळ उभी राहिली तर चाबी माझी.

मिस्त्री आणला तो जन्मभर वणीकडे कोळशाच्या ट्रकांखाली झोपलेला माणूस. तो म्हणाला, मागचे ड्रम काढून टाकू आणि तिथंही डिस्क बसवू. डिस्क उघडी असते, माती चिकटली तरी फिरता फिरता झडते. मोडीत निघालेल्या एका कारचे दोन कॅलिपर त्यानं आणले. कॅलिपर म्हणजे डिस्कला दोन्हीकडून चिमटा घेणारा लोखंडी पंजा. आमच्याच अंगणात काम सुरू झालं. त्यानं एक गोष्ट आधीच सांगितली. हातब्रेकची तार ड्रममध्ये असते, ह्या कॅलिपरात तिला जागा नाही, तेव्हा उतारावर गाडी सोडताना चाकाखाली दगड लावायचा. मी मान हलवली आणि ही गोष्ट घरात कोणाला सांगायची गरज मला वाटली नाही.

नवमीला मिस्त्री त्याच्या घरी पूजेला गेला. सामान आमच्याच ओसरीवर, गोणपाटावर नीट मांडून ठेवलेलं. आता खंडेनवमीला घरात लोखंड असावं आणि त्याची पूजा होऊ नये, हे मला कसं चालणार? विळा, कुऱ्हाड, कोळपणीच्या डवऱ्याची पास, त्याच्यासोबत मिस्त्रीचे पाने आणि ते दोन कॅलिपरही मी घासून धुतले. खडूचे डाग होते, तेही काढले. पाटावर समोरासमोर मांडले, हळदकुंकू लावलं, झेंडूचं एकेक फूल ठेवलं. संध्याकाळी सगळं होतं तसं गोणपाटावर ठेवून दिलं. होतं तसं, असं मला वाटलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं कॅलिपर बसवले आणि पायपांतली हवा काढायला घेतली. ब्रेकच्या तेलात हवा राहिली तर ब्रेक लागत नाही. मी वर बसून ब्रेक दाबायचा, त्यानं खाली कॅलिपरचं निप्पल, म्हणजे हवा सोडायची बारीक तोटी, सैल करायचं, म्हणजे नळीतून तेलाबरोबर बुडबुडे निघतात. दाबा, धरा, सोडा. दाबा, धरा, सोडा. दुपार झाली. पाय खाली जायचा तो भिजलेल्या सरकीत रुतावा तसा. मिस्त्रीनं तेलाला शिव्या दिल्या, पायपाला दिल्या, मग जीप बनवणाऱ्याच्या खानदानावर आला. हे खुर्ची टाकून चहा पीत होते. भंगारवाला उद्या सकाळीच येतो, हे त्यांनी तीनदा सांगितलं, विचारलं कोणी एकदाही नव्हतं.

गुडघे दुखले म्हणून मी उतरले आणि मागच्या चाकाजवळ पिढ्यावर बसले. समोर तो कॅलिपर. त्याचं निप्पल खालच्या बाजूला. मला आमच्या टाक्यातून पाणी काढायची गुंडी आठवली, छोट्या घागरीसारखी. पालथी करून पाण्यात दाबली तर तिच्यातली हवा जाते कुठे? आतच बसते गुरगुरत.

"मिस्त्री, हवा वरतं जाते ना?"

"जाते ना काकू."

"मग तिले जायचं दार खालतं काहून?"

मिस्त्रीनं वाकून निप्पल पाहिलं. मग दुसऱ्या चाकाकडे जाऊन आला. तिकडेही खालीच. डावा कॅलिपर उजव्या चाकाला आणि उजवा डाव्याला बसला होता. खाचेत अजून हळद होती, आणि मला तो खडूचा डाग आठवला. डाग कसला, मिस्त्रीनं काढलेली डाव्या-उजव्याची खूण होती ती.

"माह्याच हातानं झालं," मी हळूच म्हटलं. "पूजेत."

"तुमी धुतलं ते ठीक," तो त्याहून हळू म्हणाला. "पण मी न पाह्यता बसवलं, हे कोनाले सांगू नका. ट्रकवाले हसतीन."

मी कबूल केलं. इथं त्याचं नाव लिहिलेलं नाही, तेव्हा शब्द पाळलाच आहे.

अदलाबदल करून दहा-बारा वेळा दाबल्यावर पायाखाली ब्रेक दगडासारखा घट्ट झाला. ऊन कलायच्या आत मी जीप नाल्यात घातली, पार चिखलात, मुद्दाम. हे बाजूला बसले होते, साक्षीदार म्हणून, दांडी दोन्ही हातांनी धरून. उतार आला, कुटार दिसलं, मी ब्रेक दाबला. जीप जागच्या जागी उभी राहिली, सरळ. ह्यांचं कपाळ तेवढं समोरच्या काचेला लागलं.

मी हात पुढे केला. त्यांनी इंजिन बंद केलं, चाबी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. मला इतका आनंद झाला की मी ब्रेकवरचा पाय उचलला.

जीप कुटाराकडे निघाली.

मी परत पाय दाबला तोवर ह्यांनी उडी मारली होती. साठी उलटलेला माणूस, धोतर सावरत दगड शोधतो आहे आणि मला ऐकू येतील अशा शिव्या देतो आहे. दगड लागला चाकाखाली. मग वर पाहून म्हणाले, "हातब्रेक कुठी गेला?"

"आता उतरला नाही का तो," मी म्हटलं.

दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी नाल्यातून एक चांगला, एका बाजूनं चपटा दगड निवडून आणला आणि सीटखाली ठेवला. दुसऱ्या कोणी लावलेला दगड त्यांना पटत नाही. आता मी जीप घेऊन रोज शेतात जाते, आणि उतारावर थांबायचं असेल तर हे सोबत लागतात. मोटरसायकल शेडमध्ये धूळ खाते आहे.

ह्या नवमीला त्यांनी तो दगडही धुतला आणि लोखंडाच्या ओळीत पाटावर आणून ठेवला. मी त्यालाही हळदकुंकू लावलं. परत ठेवताना मात्र मी बिनघोर होते. त्याला डावं-उजवं नाही.