कॉलरपासून सुरू होणारा भूतकाळ

आमच्या मामाचं इस्त्रीचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. पुढे टेबल, तिथे मामा. मागे स्वयंपाकघर, तिथे मामी. मधल्या दारातून दोघांची भांडणं दिवसभर ये-जा करतात. मामा बोलतोही इस्त्रीच्या तालात: "हे बघऽऽ" म्हणताना हात पुढे, "असंय" म्हणताना मागे.

मामाची मुलगी परदेशात असते. तिची लेक चिमुरडी आहे आणि बोलते फक्त स्पॅनिश. फोन लागला की ती किंचाळायची, "ओला, आब्वेलो!" म्हणजे, "काय हो आजोबा!" मामाही "ओला, ओला!" करायचा. तिथे दोघांचा साठा संपायचा. चिमुरडी खुर्चीवरून सटकायची आणि मामा पडद्यावरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहायचा.

"नुसतं ओला-ओला," मामी आतून म्हणायची. "कोरडं काही येतं का तुम्हाला?"

ते मामाला लागलं. एका संध्याकाळी त्याने मला हाक मारली, "पोपटबाई, तू कॉलेजात ती भाषा शिकतेस ना? एक क्रियापद दे. आमच्या धंद्यातलं. आज काय काय केलं ते पोरीला सांगता आलं पाहिजे. ती खुर्चीवर बसून राहिली की झालं."

मी दिलं: प्लांचार. इस्त्री करणे. अगदी नियमाने चालणारं, गरीब स्वभावाचं क्रियापद. फक्त भूतकाळात माणसागणिक शेपूट बदलतं. प्लांचे, मी केली. प्लांचास्ते, तू केलीस. प्लांचो, त्याने किंवा तिने. प्लांचामोस, आम्ही. प्लांचास्तेइस, तुम्ही. प्लांचारोन, त्यांनी.

मामाने कपाळाला हात लावला. "आपलं बघ. मी केली, आम्ही केली, अख्ख्या गल्लीने केली. इस्त्री तीच, केली तेच! ह्यांना कशाला एवढ्या चौकशा?"

पाठ होईना. मग त्याने शर्ट पसरला आणि इस्त्री फिरवता फिरवता शेपटं वाटून टाकली. कॉलर प्लांचे, खांदा प्लांचास्ते, कफ प्लांचो. "बाह्या दोन, म्हणून तिथे आम्ही. प्लांचामोऽऽस!" पाठ प्लांचास्तेइस, पुढची बाजू प्लांचारोन. शर्टामागून शर्ट, न चुकता. पँट आली की मात्र गप्प. "पँटला व्याकरण नसतं," म्हणायचा.

रविवारी फोन लागला. मामा आत कडक शर्ट घालून बसला होता. फोन थर्मासला टेकवलेला.

"ओला, आब्वेलो!"

"ओला! ओय..." म्हणजे आज. पुढे? "ओय प्लां... प्लां..." मामाला घाम फुटला. चिमुरडीचा एक पाय खुर्चीखाली आला.

"अहो, हात रिकामे आहेत म्हणून अडलंय!" मामी ओरडली. "शर्ट घ्या, शर्ट!"

मामा उठला तो फोनसकट थेट दुकानात. फोन माझ्या हातात कोंबला, शर्ट पसरला, पाणी शिंपडलं, इस्त्री टेकवली. फस्स! वाफ उठली आणि चिमुरडीचा पाय परत वर गेला.

"ओय प्लांचेऽऽ उना कामिसा!" आज मी एक शर्ट इस्त्री केला! कॉलर ताठ, मामा त्याहून ताठ.

पलीकडे धावपळ झाली. चिमुरडी बाहुलीचा फ्रॉक घेऊन आली, त्यावर लाकडी ठोकळा घासला आणि छाती फुगवून म्हणाली, "प्लांचे!"

मामाचा हात आपोआप शर्टाच्या खांद्यावर सरकला. "सी, सी! प्लांचास्ते!" होय गं, केलीस!

मग तिने मान तिरकी केली. "इ ला आब्वेला?" आणि आजी?

मामी दारात उभी होती. मामाने तिच्याकडे बघितलं, दोन्ही बाह्या पसरल्या आणि हळूच म्हणाला, "प्लांचामोस."

"काय म्हणाले गं?" मामीने मला विचारलं.

"आम्ही दोघांनी केली."

"थापा! जन्मात ह्या माणसाने इस्त्रीला हात लावू दिला नाही मला!" तिने ओले हात पुसले, कोपऱ्यातली जुनी इस्त्री प्लगला लावली आणि मामाला कोपराने ढकललं. "सरका तिकडे. एक बाही माझी."

मामा सरकला. पलीकडून चिमुरडीच्या आईने जेवायला हाक मारली, एकदा, दोनदा. चिमुरडी मांडी ठोकून बसलेली, ठोकळा उगारून.

"ओत्रा!" तिने फर्मावलं. आणखी एक!