बब्रुवानची कढई आणि माझं पोतं

चौथीत असताना आमच्या शाळेत नाटक झालं. मी राजा होतो. चाळीस वाक्यं होती मला आणि एकही चुकलं नाही. बब्रुवान झाड होता. अंगाला लिंबाचे डहाळे बांधून कोपऱ्यात उभं राहायचं, एवढंच त्याचं काम. तिसऱ्या प्रवेशात कुणाची तरी शेळी स्टेजवर चढली आणि थेट त्याच्या दंडावरचा पाला खायला लागली. मी तलवार उपसून बोलतोय आणि सगळं गाव झाडाकडं बघतंय! शेळीनं काखेपर्यंतचा पाला संपवला, पण हा पठ्ठ्या हलला नाही. पापणी लवली नाही त्याची. शेवटी टाळ्या पडल्या त्या झाडाला. साठ वर्षं झाली त्याला. गावात कुणाही म्हाताऱ्याला विचारा, झाड आठवतं. राजा कोण होता ते मलाच सांगावं लागतं.

तेव्हापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं, ते काही थांबलेलं नाही. लोक म्हणतात वैजनाथ आणि बब्रुवान म्हणजे जिवाभावाचे दोस्त. आहोतच की. पण दोस्तावर जेवढं जळता येतं तेवढं वैऱ्यावर जळता येत नाही, कारण वैरी रोज समोर बसून ताक पीत नाही.

बब्रुवान रोज प्यायचा. भूमपासून एष्टीनं पाऊण तासावर आमचं गाव, आणि खव्याच्या भट्ट्या या सगळ्या पट्ट्यात. त्यातली एक बब्रुवानची. पहाटेपासून जाळापुढं उभं राहून दुपारी तो आमच्या ओसरीवर यायचा. धुरपता, म्हणजे आमची मंडळी, ताकाला निखाऱ्यावर ओवा टाकून धुरी देते. तालुक्यात तसं ताक दुसरीकडं नाही. बब्रुवान तांब्याभर ताक प्यायचा, मिशा पुसायचा आणि एकच शब्द बोलायचा, "झकास." झालं! धुरपता दोन दिवस खुशीत. मी त्याच ताकाची अर्धा तास तारीफ केली की म्हणायची, "पुरं करा आता, डोकं उठलं."

भट्टीवर त्याची एक रीत. दूध आलं की कॅनात बोट बुडवायचं आणि जिभेला लावायचं. दूध कुणाच्या घरचं, म्हशीनं सरकी खाल्लीय का कडबा, पाणी घातलंय का, सगळं त्याला बोटावर कळायचं. मग कढईत ओतायचं आणि लांब दांड्याचं उलथणं एकदा हातात घेतलं की गोळा होईपर्यंत हात थांबवायचा नाही. पंचेचाळीस वर्षांत त्याच्या भट्टीवर दूध फाटलं नव्हतं. आमच्याकडं ही फार मोठी गोष्ट. दूध फाटलं तर माणसं तोंड लपवतात, रात्र पडायची वाट बघून उकिरड्यावर नेऊन ओततात.

आता माझी नात, मोनिका. पुण्याला सिनेमाचं शिकते. गेल्या उन्हाळ्यात आली ती हातात वही घेऊनच.

"आबा, मला इथं सिनेमा करायचाय. नऊ मिनिटांचा."

"नऊ मिनिटांत काय व्हतंय? माझी नुसती सुरुवात तेवढी असती."

"म्हणून तर तुम्हाला गोष्ट सांगू देत नाहीये," ती म्हणाली. मग समजावून सांगायला लागली. शंभर वर्षांमागं परदेशात एका तऱ्हेच्या भीतीच्या गोष्टी लिहायचे. त्यात भूत नाही, चेटूक नाही, सूड नाही. आभाळाच्या पल्याडचं काहीतरी असतं, इतकं जुनं आणि इतकं अफाट की माणूस नावाचा प्राणी जगात आहे हेही त्याला ठाऊक नसतं. ज्याला ते दिसतं त्याचं डोकं फिरतं. तिनं त्यातली एक गोष्ट घेतली होती. मूळ गोष्टीत दीपगृहाचा राखणदार समुद्रात ते बघतो. "आपल्याकडं समुद्र कुठला, आबा? मी समुद्राची विहीर केली. आणि राखणदाराच्या जागी मोटार चालू करायला गेलेला शेतकरी. तो खाली वाकून बघतो, आणि..."

"आणि काय?"

"तेच अडलंय. ते 'काय' पडद्यावर दाखवायचं कसं? लेखकाला बरं असतं, सांगता येणार नाही असं लिहून मोकळा होतो."

मी मांडीवर थाप मारली. जत्रेत रावणाची दहा तोंडं मीच करायचो. चार दिवस खपलो. दोन पोती जोडून शिवली, आत तुराट्यांचा सांगाडा, सायकलच्या ट्यूबचे आठ हात, बोकडाची शिंगं आणि डोळ्यांच्या भोकात दोन बॅटऱ्या. धुरपता शेणाची पाटी घेऊन आली ती बघून किंचाळलीच. म्हटलं, जमलं!

मोनिकानं बघितलं आणि माझ्या गळ्यात पडली. "आबा, किती गोड आहे हो!"

गोड! राक्षसाला गोड!

"पण याला डोळे आहेत, आबा. डोळे असले की ते आपल्याकडं बघतं. माझ्या गोष्टीतलं आपल्याकडं बघतच नाही. तीच तर भीती आहे."

बरं, म्हटलं, डोळे काढतो. तेवढ्यात धुरपतानं तिला बब्रुवानकडं पेढे आणायला धाडलं. तासानं पोरगी आली ती नाचतच. हातात पेढे नव्हतेच.

"आबा, सापडलं! बब्रुअण्णांची कढई वरून बघा. गोल कड, आत खोल, आणि खाली ते उसळतंय, फुगतंय, फुटतंय. विहिरीच्या तळाशी तेच असणार!"

बब्रुवाननं काय केलं होतं यात? काही नाही. उभा होता. पुन्हा एकदा नुसता उभा होता!

नळदुर्गहून तिचा कॅमेरावाला रुद्रेश आला. भट्टीच्या आढ्याला कॅमेरा उलटा बांधला. मी खाट टाकून बसलो, म्हटलं बघू तरी. बब्रुवाननं दूध आटवायला घेतलं. बुडबुडे आले, रबडी झाली, खवा कडेनं सुटायला लागला. सगळे छोट्या पडद्यावर वाकले. आणि रुद्रेशनं गिळलेला आवंढा मला खाटेवर ऐकू आला.

"मॅडम," तो म्हणाला, "याला भ्यायचं का चमचा आणायचा?"

खरंच होतं. बघून तोंडाला पाणी सुटत होतं. मोनिकानं निळा उजेड पाडला, तर सणासुदीची मिठाई दिसायला लागली. हिरवा पाडला, तर पिस्त्याचा खवा. मला इतका आनंद झाला की मी स्वतः उठून सगळ्यांना चहा केला.

"काय बब्रू, तुझ्या खव्याला कुणी भिईना की," मी म्हटलं.

"न्हाय भीत," तो म्हणाला. एवढंच. याला चिडवायची पण सोय नाही.

दिवस मावळताना मोनिका सामान आवरत रुद्रेशला सांगत होती, ते मी ऐकलं. "परवा तुला लग्नाचं शूटिंग आहे. म्हणजे आपल्याला उद्याचाच दिवस. उद्याही कढईत जमलं नाही, तर मग आबांचं पोतं विहिरीत सोडू."

मी तसाच घरी आलो. पोत्यावरची धूळ झटकली, बॅटऱ्यांना नवे सेल घातले. डोळे काढायचे ठरले होते, पण म्हटलं राहू द्यावेत. आणि मग मनात आलं, उद्या बब्रूचं नशीब पुन्हा शेळी घेऊन आलं तर?

आता पुढचं लिहायला मला लाज वाटायला पाहिजे. वाटत नाही, त्याला काय करू?

दिवस उगवायला मी भट्टीवर गेलो. कॅन येऊन पडले होते. बब्रुवान हापशावर तोंड धूत होता. धुरपताच्या मडक्यातलं तीन दिवसांचं आंबट ताक मी तांब्यात आणलं होतं, धोतराच्या सोग्याखाली. सगळ्यात पुढच्या कॅनात ते ओतलं आणि झाकण लावून खाटेवर येऊन बसलो. हिशोब सरळ होता. दूध तापलं की फाटणार. फाटलेल्या दुधाकडं आमच्यात कुणी डोळा उघडून बघत नाही, मग कॅमेऱ्यानं कोण बघणार? कढई खाली उतरवायची आणि पोतं वर चढवायचं.

बब्रुवान आला. कॅन उघडला, बोट बुडवलं, जिभेला लावलं. थांबला. पुन्हा एकदा लावलं.

म्हटलं, संपलं. आता हा दूध फेकणार आणि दुसरा कॅन घेणार. पण त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. कॅन उचलला आणि कढईत रिकामा केला. "अरे बब्रू, वास तरी घे," हे शब्द माझ्या दातांपर्यंत आले होते, कसेबसे गिळले.

आधी काही झालं नाही. मग कडेला दूध शहारलं. मधोमध एक डाग उघडला, हिरवट, पाण्यासारखा. त्यातून पांढरे गठ्ठे वर आले, वळले, एकमेकांना चिकटले, सुटले आणि पुन्हा खाली गेले. त्यांना ना तोंड ना पाठ. रुद्रेश पडद्यापासून मागं सरकला.

"मॅडम, हे काय आहे?"

"अण्णा, हात थांबवा," मोनिका हळूच म्हणाली. "हलवू नका."

आणि पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा बब्रुवानचा हात कढईवर थांबला. शेळी पाला खाताना उभा होता, तसाच उभा राहिला.

मी पडद्यात डोकावलो. ते ताक आहे हे जगात मला एकट्याला ठाऊक होतं, तरी अंगावर काटा आला. ते काहीतरी करत होतं, आणि ते कुणासाठीच नव्हतं. तिथं वैजनाथ नावाचा माणूस वाकून बघतोय, त्याच्या पोटात साठ वर्षं दुखतंय, याचं त्याला काही सोयरसुतक नव्हतं.

दहा वाजेपर्यंत गल्लीच्या टोकापर्यंत बातमी गेली, बब्रुवानचं दूध फाटलं. माणसं मुद्दाम येऊन बघून गेली. तो एवढंच म्हणाला, "फाटलं." दुपारी त्यानं त्यातच साखर घातली, तांबूस दाणेदार होईपर्यंत परतलं आणि पळसाच्या पानावर सगळ्यांना वाटलं. पहिलं पान माझ्या हातात दिलं.

"खा."

खाल्लं. झकास होतं. तेही मला सहन झालं नाही.

महिन्याभरानं शाळेच्या मोठ्या खोलीत सिनेमा दाखवला, सकाळी अकराला. उजेड यायला नको म्हणून खिडक्यांना पोती लावली होती. मधल्या खिडकीचं पोतं मी लगेच ओळखलं. डोळ्यांच्या दोन भोकांतून उन्हाचे दोन कवडसे बरोबर पडद्यावर पडत होते. म्हटलं, बघ, माझ्या राक्षसानं अखेर डोळे उघडले! तर कुणीतरी उठून त्यात बोळे कोंबले.

सिनेमा सुरू झाला. शेतकरी विहिरीत वाकला आणि ते आलं. खोलीत पोरंटोरं होती, बायाबापड्या होत्या, पण शिंकसुद्धा आली नाही कुणाला. धुरपतानं माझं मनगट असं धरलं की बांगड्यांचे वळ उठले. नऊ मिनिटांनी नावं आली. पडद्यावर मोठ्या अक्षरात: विहिरीतलं ते — बब्रुवान. टाळ्या! झाडाला पडल्या होत्या तशाच.

त्याच्याखाली दुसरं नाव आलं: ताक — धुरपताबाई.

"अवो, माझं नाव!" धुरपता उभीच राहिली. मग माझ्याकडं वळली. "पर म्या ताक कवा दिलं?"

पलीकडून बब्रुवान बोलला. सगळ्या जन्मात तो एका दमात एवढं बोललेला मी ऐकला नव्हता. "वैनी, आदल्या सांजंला पोरगी मला म्हणली, अण्णा, ते कुणावर रागावल्यालं नस्तंय, पर बघवत न्हाय, असं दावा. म्या म्हणलं, तसं तर फाटल्यालं दूध अस्तंय. म्हणली, मग फाडा की. म्या म्हणलं, हातानं दूध नासवायचं पाप म्या न्हाय करायचो. सकाळी कॅनात बोट घातलं, तर कुणी तरी करून ठिवल्यालं. ओव्याची धुरी लागली जिभंला. तुमचंच ताक, वैनी. आता ओतलं कुणी, ते मला काय ठावं?"

आणि एवढं बोलून माझ्याकडं बघत बसला. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

मोनिका हसू दाबत म्हणाली, "सिनेमा पुण्याला पाठवायचाय अजून. ओतणाऱ्यानं कबूल केलं तर तिसरं नाव घालता येईल."

सगळी खोली माझ्याकडं वळली. आता बघा, गप्प बसलो असतो तर इज्जत राहिली असती. पण पडद्यावर दोघांची नावं, एक माझा दोस्त, एक माझी बायको, आणि माझं नाही! पोटात अशी कळ आली की मी उभाच राहिलो.

"म्या ओतलं," मी म्हटलं. मग नीट समजावं म्हणून शेळीपासून सुरुवात केली. ताकापर्यंत येईस्तोवर अर्धी खोली जेवायला गेली होती. धुरपता थांबली, पण तिनं मला आठ दिवस ताक दिलं नाही. बब्रुवान मात्र शेवटच्या शब्दापर्यंत बसला आणि उठताना म्हणाला, "झकास."

आता सिनेमात माझं नाव आहे. तिसरं. ताक ओतणारे — वैजनाथ. दोघांच्या खाली आहे, आणि मला अक्षरं बारीक वाटतात. मोनिका म्हणते सारखीच आहेत. मी तिच्या फोनवर पट्टी लावून मोजली. सारखीच आहेत. तरी बारीक दिसतात.