लोधीखेड्याच्या विहिरीपाशी सापडलेली पट्टी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोरांना नाही. देवळात उभा राहिलो तरी ओठ मिटूनच राहिलो — त्याला माहीत असेलच, आपण कशाला बोला, असा माझा हिशोब.

गंमत अशी की आमच्या घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडेच आहे. लग्नघरी, तेरवीला, लाइन गेली की अंधारात — सगळे म्हणतात, मधुकाका, सांगा काहीतरी. माझ्या कपाळावर एक वण आहे. तो गोटमारीत, म्हणजे नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना दगड मारायच्या आमच्या सणात, दगड लागून झाला असं मी पांढुर्ण्यातल्या यच्चयावत भाच्यापुतण्यांना सांगून ठेवलंय. खरं म्हणजे त्या दिवशी मी नदीकडे फिरकलोच नव्हतो. गच्चीवरून मजा पाहिली आणि उतरताना पायरी चुकली. पण असं खोटं पचत गेलं की माणूस — जाऊ द्या. तो वण नाही सांगायचाय मला.

ऐंशी सालाच्या पुढची दोन-चार वर्षं. मी तेव्हा सौसरला एका छोट्या धर्मादाय दवाखान्यात कंपौंडर होतो. सरकारनं तेव्हा ठरवलं होतं की गरिबांवर उपचार करणाऱ्या आमच्यासारख्या दवाखान्यांना महागडी औषधं सवलतीच्या भावात द्यायची. क्षयाच्या लाल कॅप्सूल त्यातल्याच. दुकानातून घ्यायच्या म्हटलं तर मजुराच्या आवाक्याबाहेर, आमच्याकडे जवळजवळ फुकट. अट एकच — ज्याचं नाव दवाखान्यात लागलंय त्यालाच द्यायच्या. जितकी नावं तितकाच माल. बाहेर एक गोळी गेली असं कळलं तर सवलत बंद. म्हणून प्रत्येक पट्टीवर आम्ही दवाखान्याचा जांभळा शिक्का मारायचो. आणि आमची रीत होती: रिकामी पट्टी परत आणा, भरलेली न्या. कुणी पट्टी हरवली तर मी असा काही रागवायचो, जसा मी जिल्ह्याचा कलेक्टरच.

दशरथनं कधी हरवली नाही.

दशरथ माझ्या वर्गातला. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे मी दवाखान्यात चिकटलो, तो संत्र्याच्या बागांमधून तोडणीला जाऊ लागला. राहायचा बौद्धवाड्यात. मला ‘मध्या’ म्हणणारी जगात दोनच माणसं — एक माझी आई, एक हा. आई तर गेली होती. त्याच्या बायकोला, कांताबाईला, क्षय झाला तेव्हा मीच तिचं नाव लावून घेतलं. बाजाराच्या दिवशी तो यायचा, रुमालाच्या घडीतून रिकामी पट्टी काढून माझ्यासमोर ठेवायचा. कांताबाईचा खोकला कमी होत चालला होता. एकदा हसत हसत म्हणाला, “मध्या, काल तिनं मले मनसोक्त शिव्या देल्ल्या. बरी होऊन राहिली लेका.”

आता इथे थांबावंसं वाटतं. गोष्ट सांगणारा म्हणून विचाराल तर इथंच संपवली असती मी.

माझे सासरे लोधीखेड्याचे मोठे बागाईतदार. बारा वर्षांच्या लग्नात त्यांनी मला कधी जावई म्हटलं नव्हतं. चारचौघांत ओळख करून द्यायचे ती अशी — “हे कंपौंडर.” एका दुपारी ते दवाखान्याच्या मागच्या दारानं आले. त्यांना क्षय झाला होता. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं. धाकट्या मुलीची सोयरीक पांढुर्ण्याला ठरत होती. बोभाटा झाला असता तर ती मोडली असती. “जावईबापू,” ते म्हणाले, “घरचा मानूस दवाखान्यात असतानी मी दुकानात जाऊ काय?”

ते जाऊ शकत होते. नागपूर काही समुद्रापार नाही, आणि त्यांना काय कमी होतं? मला हे तेव्हाही कळत होतं. पण ‘जावईबापू’ — तो एक शब्द ऐकून मी असा फुललो की विचारू नका. 

त्यांचं नाव तर लावायचं नव्हतं. म्हणजे कुणाच्या तरी वाट्याच्या काढाव्या लागणार होत्या. मी मनात एकेक रोगी आठवून पाहिला. एक बाई भांडकुदळ होती. एकाचा भाऊ नगरपालिकेत होता. एक म्हातारा रोज डॉक्टरांशी बोलायचा. आणि दशरथ? दशरथ माझ्यावर विश्वास ठेवेल. म्हणून मी त्याला निवडलं. मित्र होता — म्हणूनच निवडलं. हे वाक्य मी इतकी वर्षं मनातसुद्धा पुरं केलं नव्हतं.

पुढच्या बाजाराला तो आला तेव्हा म्हटलं, वरून मालच आला नाही. सरकारचं असंच आहे. सरकारवर ढकललेलं कोण तपासतं? तो तीच पट्टी रुमालात ठेवून परत गेला. पुन्हा आला. पुन्हा गेला. मी सरकारला असा पेटून शिव्या घालायचो की दशरथच मला शांत करायचा — “जाऊ दे मध्या, तुयी काय चूक हाये त्याच्यात.” तिकडे सासरे लघवी लाल झाली म्हणून घाबरले होते. “जावईबापू, संत्र्याचा रस निघून राहिला ना.” त्या औषधानं तसं होतंच. आम्ही दोघं पोट धरून हसलो. हसलो, हेही लिहून ठेवतो.

मग छिंदवाड्याहून एक अधिकारी पाहणीला आले. डॉक्टर त्या दिवशी गावाला गेलेले. दशरथनं ऐकलं आणि काम सोडून आला. व्हरांडा भरलेला होता. त्यानं हात जोडून सगळ्यांसमोर विचारलं, लाल गोळ्या काऊन येत नाहीत? रुमालातली पट्टी काढून माझ्या टेबलावर ठेवली.

अधिकारी म्हणाले, “दवाई तो बराबर भेजी है।” मग त्याला खालून वर पाहिलं. “तूने ही बेच दी होगी।”

दशरथ घाबरला नाही. उलट त्याचा चेहरा मोकळा झाला — कारण मी तिथेच होतो. माझ्याकडे वळून म्हणाला, “मध्या, सांग ना या साहेबायले.”

माझ्या हातात मिक्श्चरची बाटली होती. मी ती हलवत राहिलो. तिला हलवायची काही गरज नव्हती. मग म्हणालो, “मी तर नुसत्या पुड्या बांधतो साहेब. नेलेल्या गोळ्यांचं कोण काय करतं, मला काय माहीत?”

कांताबाईचं नाव काढून टाकण्यात आलं. त्यानंतर बौद्धवाड्यात, बाजारात लोक दशरथबद्दल काय बोलायचे ते मी ऐकत होतो. बायकोचं औषध विकून खाल्लं म्हणायचे. पोळ्याच्या आधी ती गेली. मी मयतीला गेलो, मागे उभा राहिलो. सासरे बरे झाले. लग्न थाटात झालं. पंगतीत वाढप्यांवर देखरेख मीच केली.

खरं बोललो असतो तर दवाखान्याची सवलत बंद झाली असती, बाकीचे गरीब मेले असते — ही सबब मी पुष्कळ वर्षं वापरली. सबब चांगली आहे. पण त्या व्हरांड्यात ती माझ्या मनात आली नव्हती. तेव्हा मला फक्त माझी नोकरी दिसत होती, आणि लोधीखेड्याचा तो पाहुणचार.

त्या वर्षीच्या संत्रातोडणीत दशरथ दवाखान्यात आला. बाजाराचा दिवस नव्हता. रुमाल नव्हता. सदऱ्याच्या खिशातून त्यानं एक रिकामी पट्टी काढली आणि टेबलावर ठेवली. मातीनं भरलेली. आमचा जांभळा शिक्का मात्र स्पष्ट होता. त्याची स्वतःची पट्टी तर पाहणीच्या दिवसापासून माझ्याच खणात पडलेली.

“लोधीखेड्याले तोडणीवर गेलो होतो,” तो म्हणाला. “तुमच्या सासऱ्याच्या विहिरीपाशी सापडली.”

त्यानं ती बोटानं माझ्याकडे सरकवली.

“दवाखान्याची हाये. जमा करून घ्या, कंपौंडर साहेब.”

आणि गेला.

ती पट्टी त्यानं दुसऱ्या कुणाला दाखवली नाही. दाखवली असती तर त्याच्यावरचा आळ गेला असता. आता मी पांढुर्ण्याला असतो. कधी सौसरच्या बाजारात तो दिसतो. लांबून हात जोडतो — साहेबाला जोडावेत तसे — आणि संत्र्यांच्या ढिगाआड निघून जातो. घरी आलो की पोरं भोवती बसतात, काका सांगा म्हणतात, आणि मी कपाळावरच्या वणाची गोष्ट सांगतो. मला मध्या म्हणणारं आता कुणी नाही.