धरणातला तराफा आणि बोटाएवढा दोर

मी दोर विकते. बंदराजवळच्या एका कंपनीत, जहाजं ओढणाऱ्या टगबोटवाल्यांना, बोटवाल्यांना आणि क्रेनच्या ठेकेदारांना. गिऱ्हाइकाचा फोन आला की आधी विचारते: ओढायचंय की बांधून ठेवायचंय? किती लांबून? वाटेत धारदार कडा कुठे लागते? जवळ काही तापतं का? एवढं कळलं की दोर जवळजवळ ठरतोच. गावाकडे मात्र ‘दोर विकते’ म्हटलं की लोकांना बैलाचा कासरा आठवायचा.

जानेफळकडचं आमचं गाव धरणाच्या कडेला आहे. पाण्यात ड्रमांचा तराफा, त्यावर मोटार, तिथून पाईपनं शेताला पाणी. यंदा उन्हाळ्यात पाणी झपाट्यानं उतरलं आणि तराफा अडकला, तोही धरणात बुडालेल्या जुन्या गावाच्या विहिरीवर. तिचं दगडी बांधकाम पाण्याखाली अजून उभं होतं. बाबांचा फोन आला.

“मेहकरच्या दुकानात उभा हाओ. तार घेऊ का नायलॉन?”

“ट्रॅक्टर किती जवळ येते?”

“येतेच कुठं? सारा गाळ हाय.”

“दोर दगडाले घासंल का?”

“दगडावरच त बसला तो. तू काऊन इतकं विचारून राह्यली?”

गिऱ्हाइकाला विचारते तेच प्रश्न होते. लोखंडी तार गाळातून ओढत नेता नेता माणसंच थकली असती. नायलॉन रबरासारखा लांबतो. अडकलेली वस्तू एकदम सुटली की तो साठलेला ताण माणसाच्या अंगावर येतो. इथं हवा होता न लांबणारा, हलका, पाण्यावर तरंगणारा दोर. असा एक तुकडा आमच्या गोदामात पडून होता. एका टगच्या मापाचा दोर कापल्यावर उरलेला, कोरा.

“बाबा, काहीच घेऊ नका. मी दोर घेऊन येऊन राह्यली.”

साहेबांना विचारून तो घेतला आणि रेल्वेनं शेगावला उतरले. दादा घ्यायला आला होता. त्यानं माझ्या खांद्यावरची पिशवी उचलली, आत पाहिलं. बोटाएवढा जाड दोर.

“याच्यानं म्हैस तरी ओढंल का?”

“जहाज ओढते हा.”

दादा गावापर्यंत हसत होता.

घरी बाबा दोराला गाठ मारायला निघाले तेव्हा मी त्यांचा हात धरला. हा दोर गुळगुळीत, गाठ सरकते. नाही सरकली तरी दोराची ताकद निम्म्यावर येते. विणलेला दोर आतून पोकळ होता. मी त्याचं टोक वळवून त्याच्याच पोटात लांबवर ओवलं, वरून टाके घातले आणि फासा तयार केला. बाबांनी फाशात पाय अडकवून दोन्ही हातांनी ओढलं. जितकं ओढावं तितकी आतली पकड घट्ट. त्यांनी दोर माझ्या हातात परत दिला आणि खुशीत अंगणातल्या अंगणात दोन फेऱ्या मारल्या.

धरणावर गेल्यावर मायनं अलीकडच्या काठावरून ओढायचा आमचा बेत मोडला. ती लग्न होऊन आली तेव्हा जुनं गाव अजून बुडालं नव्हतं. त्याच विहिरीवर तिनं पाणी भरलं होतं.

“इकून ओढसान त तराफा कठड्याले भिडंल. इहीर पल्याडच्या अंगानं खचेल होती. तिकून ओढा.”

पल्याडचा काठ आणखी लांब, तिथला गाळ आणखी रुंद. तार असती तर तिथंच बसलो असतो. आता दादानं ट्रॅक्टर वळसा घालून नेला, मागे मी आणि माय. बाबांनी आधी लाईन बंद करून मोटारीची वायर आणि पाईप सोडवला. मग टायरच्या ट्यूबवर बसून त्यांनी दोर तराफ्याच्या लोखंडी सांगाड्याला शॅकलनं, म्हणजे खिळीच्या लोखंडी कडीनं, जोडला. जिथं दगड घासणार होता तिथं दोरावर लपेटा पाईपचा, गुंडाळून ठेवायच्या चपट्या पाईपचा, तुकडा चढवला. मग दुसरं टोक घेऊन ते आमच्याकडे आले. मागे पाण्यावर दोराची पिवळी रेघ तरंगत होती. मायनं आणि मी ते टोक खांद्यावर घेतलं आणि गुडघाभर गाळ तुडवत ट्रॅक्टरकडे निघालो.

“वजनच नाही व याले,” माय म्हणाली आणि माझ्यापुढे गेली.

टोक ट्रॅक्टरला अडकवलं आणि दोर तुटलाच तर उसळू नये म्हणून त्यावर ओली पोती टाकली. सगळ्यांना बाजूला केलं.

“दादा, झटका नको. हळूहळू घे.”

दोर पाण्यातून वर आला. थेंब गळले, रेघ सरळ झाली. ट्रॅक्टर वीतभर सरकला आणि तिकडे तराफाही वीतभर सरकला. दोर लांबतच नव्हता, म्हणून दगडावर ड्रम घासल्याचं दादाला जणू स्टिअरिंगवरच कळत होतं. एक कोपरा उचलला गेला. मग खरखर थांबली आणि तराफा मोकळ्या पाण्यात डुलायला लागला.

समोरच्या काठावर जमलेल्यांनी शिट्ट्या मारल्या. मी गाळात उभी राहून वेड्यासारखी हसत होते. मोठमोठ्या जहाजांसाठी दोर विकला होता, पण तो काम करताना पाहायला कधी मिळालंच नव्हतं.

दोर हातात घेऊन मी वीत वीत तपासला. लपेटा पाईप दोन ठिकाणी फाटला होता, आतला दोर शाबूत होता.

संध्याकाळच्या आत तराफा खोल पाण्यात नेऊन बांधला, मोटार चालू केली. पाईपातून आधी हवा फुसफुसली, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ धार. बाबांनी चिखलाच्या हातानंच फोन काढून काकांना लावला.

“जय भीम. निंगाला तराफा. पोरीनं दोर आनला होता. तू ये, दाखवतो तुले.”