राजाच्या शब्दाचा गोठा

आमच्या गावात मात्सेलिसो मावशीला अडाणी म्हणणारे पुष्कळ आहेत. चुकली असेल ती, पण तिची चूक इमानाची होती. शहाण्यांनी त्या इमानाचं काय केलं, ते ऐका.

तीन वर्षांपूर्वी राजधानीत, मासेरूत, संसद उघडली आणि राजाचं भाषण रेडिओवर लागलं. ‘माझं सरकार पूल बांधील,’ असं म्हणून त्यानं चक्क आमच्या नदीचं नाव घेतलं! दवाखाना नदीपलीकडे, त्यामुळे पूर आला की आजाऱ्यानं अलीकडेच कण्हत बसायचं.

राजाच्या शब्दाभोवती गोठा बांधावा, अशी आम्हा बासोथोंची म्हण आहे. शब्द गुरासारखा जपायचा. मावशी म्हणाली, “राजा बोललाय. पायाचे दगड तरी आपले असू देत.” हिवाळाभर गावातल्या बायकांनी डोक्यावरून दगड वाहिले. मीही वाहिले.

तिकडे सात खासदारांनी बाकं बदलली आणि पंतप्रधानाचं सरकार पडलं. पुढच्या वर्षी राजा तोच, आवाज तोच, पण भाषणातून पूल गायब. मावशी शेवटपर्यंत रेडिओला कान लावून बसली.

“पान चिकटलं असेल रे,” मला म्हणाली.

त्या पावसाळ्यात तिची सून रेथाबिले अडली. नदी दुथडी भरलेली. समोर दवाखान्याचं छप्पर दिसत होतं आणि आम्ही तिला घोंगडीत घेऊन दुपारपर्यंत काठावर उभे. सून वाचली, बाळ गेलं. मुलगी होती.

यंदा निवडणूक आली. सत्तेतल्या पक्षाचा उमेदवार पांढऱ्या गाडीतून आला. भर सभेत मावशीनं विचारलं, “राजानं दिलेला शब्द कुठाय?”

तो हसला. हसला मेला! “आई, राजा नुसता वाचतो. लिहितं सरकार. अन् ते सरकार आमचं नव्हतंच.”

“मग राजालाच सांगते.”

“सांगा की. तो आम्हालाच विचारणार.”

“म्हणजे तोंड राजाचं, शब्द तुमचे, अन् जबाबदार कुणीच नाही?”

“घटनाच तशी आहे, आई.”

खोटं नव्हतं ते. शाळेत मीच शिकवतो की, राजा मंत्र्यांच्या सल्ल्यानं चालतो आणि मंत्री संसदेला उत्तर देतात. मावशीला उत्तर कोण देणार, ते माझ्या पुस्तकात नाही. त्या दिवशी मला त्या पुस्तकाची लाज वाटली.

मावशी त्याला नदीवर घेऊन गेली. काठावर आमच्याच दगडांचा गोल गोठा उभा होता.

“गुरं कुणाची?” त्यानं विचारलं.

“गुरं नाहीत. राजाचा शब्द कोंडायला बांधलाय. राखण तुमच्याकडं होती ना साहेब? आत जा, बघा काय उरलंय.”

तो वाकून आत गेला. आत तीन वितींची एक कबर होती.