गाळलेली चार मिनिटं

बेळगावात शिकणारी आम्ही चौघं एकमेकांना गावाच्या नावानंच हाक मारायचो. गिटार वाजवणारा निपाणी, ड्रम्सवर कंग्राळी, बास गिटार वाजवत गाणारी हिंडलगा आणि कीबोर्डवर मी, वडगाव. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्गात एकाच नावाची तिघं होती, तेव्हा पडलेली सवय. अजूनही माझ्या फोनमध्ये ही चार गावंच आहेत.

वाजवायचो मात्र विलायतेतल्या एका जुन्या बँडची गाणी. प्रोग्रेसिव्ह रॉक. एकेक गाणं वीस-वीस मिनिटांचं, मध्येच ताल बदलणार, शब्द दहा मिनिटांनी येणार. निपाणीनं पहिल्यांदा हॉस्टेलच्या खोलीवर ऐकवलं तेव्हा मला चक्क झोप लागली होती. आठवड्याभरानं मीच त्याला म्हणालो, "परत लाव रं ते."

तालीम आमच्या वडगावच्या घरी. पुढच्या खोलीत चार माग चालायचे आणि मागं सुताचे कोन ठेवायची खोली होती, तिथं आम्ही. माग चालू असले की आमचा आवाज गल्लीत कुणाला वेगळा ऐकू यायचा नाही, म्हणून शेजाऱ्यांची तक्रार नव्हती. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, इंग्रजीचा गंध नव्हता. पण आमचं एकेक गाणं त्यांनी मागावर उभं राहून शंभरदा ऐकलेलं. एकदा दार ढकलून आत आले आणि कंग्राळीला म्हणाले, "पोरा, ते वळण घेताना आज एक ठोका कमी पडला बघ." खरंच पडला होता. तेव्हापासून कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आम्ही आप्पांना मुद्दाम बोलवून बसवायचो.

हळूहळू बोलावणी येऊ लागली. कॉलेजांची गॅदरिंगं, बेळगावच्या कॅम्पातलं एक हॉटेल, मग कोल्हापूर, हुबळी. 'त्या बँडचे बेळगाववाले' अशी ओळख झाली. आमचे श्रोते म्हणजे मूळ गाणी तोंडपाठ असलेली मंडळी. गिटारचा एखादा सूर इकडचा तिकडं झाला तर पुढच्या रांगेत माना हलायच्या. अगदी हुबेहूब झालं की टाळ्यांचा कडकडाट. आम्हालाही त्यात मजा वाटायची, खोटं कशाला बोलू?

निपाणीनं स्वतःचं एक गाणं बांधलं ते याच काळात. त्यांच्या घरची तंबाखूची वखार. सुट्टीत तो तिथं बसायचा आणि गिटारही सोबत असायचं. अकरा मिनिटांचं, बिनशब्दांचं. मधली चार मिनिटं अगदी संथ, कीबोर्ड आणि गिटार एकमेकांना विचारत विचारत पुढं जातात अशी. आम्ही ते दोन महिने बसवलं. आप्पा ऐकून म्हणाले, "ह्यात कुठं चुकतंय ते मला कळत न्हाय. पण ऐकावंसं वाटतंय." निपाणी त्या दिवशी जेवून गेला आणि जाताना आप्पांच्या पाया पडला.

ठरलं असं की आठ त्यांची, एक आपलं. बेळगावातल्याच एका हॉलमध्ये, सहाव्या नंबरला.

पहिली दोन मिनिटं बरी गेली. मग खुर्च्या सरकायला लागल्या. चहा बाहेर होता, त्यामुळं उठायला निमित्त होतं. मधल्या भागाच्या तोंडाशी आलो तेव्हा निम्मा हॉल रिकामा. मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, ते वीस मिनिटांचं घ्या की!" मी कंग्राळीकडं बघून मान हलवली आणि ती चार मिनिटं गाळून सरळ शेवटावर उडी मारली. कंग्राळी बिचारा माझ्या मागून आला, हिंडलगाही आली. निपाणीला यावंच लागलं. त्यानं शेवट नीट वाजवला. एकदाही माझ्याकडं बघितलं नाही.

सामान गाडीत ठेवताना तो म्हणाला, "त्यांच्या गाण्यातला एक सूर गाळायला तुझी छाती झाली असती काय रं?"

मी म्हणालो, "लोकं उठून चाललेली. मी काय करणार?"

"जाऊ द्यायची." एवढंच बोलला. पुढच्या महिन्यात निरोप आला की घरच्या धंद्यात लक्ष घालतोय, येणं जमणार नाही.

आम्ही धारवाडचा एक गिटारवाला घेतला. फार तयारीचा माणूस. मूळ रेकॉर्डिंगमधली खरखरसुद्धा वाजवेल असा. कार्यक्रम वाढले. दोन वर्षं नऊच्या नऊ गाणी त्यांचीच वाजवली आणि कुणी चहाला उठलं नाही. मी मात्र घरी एकटा असलो की ती चार मिनिटं वाजवायचो. कुणाला सांगितलं नव्हतं.

एक दिवस तालमीत हिंडलगा गाताना मध्येच थांबली. आम्हाला वाटलं, घसा बसला. ती म्हणाली, "मी त्या माणसासारखा श्वाससुद्धा घ्यायला लागलेय. तो जिथं घेतो तिथंच. माझा श्वास कुठं येतो तेच आठवंना झालंय." आणि बास खाली ठेवून माझ्याकडं वळली. "वडगाव, तू निपाणीला जा. चूक तुझी हाय."

रविवारी बसनं गेलो. निपाणी वखारीतनं नुकताच घरी आला होता. त्याच्या आईनं दार उघडलं, आत बघून त्याला कन्नडमध्ये काहीतरी सांगितलं आणि मला मराठीत म्हणाल्या, "बस बाळा. लई दिवसांनी आलास." त्यांना सगळं ठाऊक असणार. ताक आणून दिलं.

मी वाटेत पाठ केलेलं सगळं विसरलो. म्हणालो, "चुकलं माझं. भ्यालो मी."

त्यानं माझा ताकाचा पेला उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "माफी ऱ्हाऊ दे. मधला भाग येतो काय अजून?"

भिंतीशी पेटी होती, आईंच्या भजनाची. मी तीच पुढं ओढली. कीबोर्डला सरावलेलं बोट पेटीवर बसत नाही, भाता मारायला एक हात अडकतो. कसंबसं सुरू केलं. मिनिटभरानं त्यानं आतनं गिटार आणलं. दोघांनी चारही मिनिटं वाजवली. एका ठिकाणी मी अडखळलो तेव्हा तो माझ्यासाठी थांबला. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून आई म्हणाल्या, "व्हय रं, हे तू रोज एकटाच वाजवतोस तेच न्हवं?"

त्यानं मान खाली घातली. मी पेटी बंद करायच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

तो परत आला. धारवाडवाला मोठ्या मनाचा, म्हणाला की दोन गिटारं असली तर उलट बरंच. आता अर्धी त्यांची, अर्धी आपली असं ठरलं, त्यासाठी आणखी चार नवी बांधली. हॉटेलवाल्यानं बोलावणं बंद केलं. हुबळीच्या लोकांनी विचारलं, "जुनीच वाजवणार असाल तर सांगा." आम्ही नाही म्हणालो. तेव्हा वाईट वाटलं, आजही थोडं वाटतं.

मग निपाणीच्याच जुन्या शाळेत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता, दुपारच्या जेवणानंतर आम्हाला तासभर दिला. समोर शिक्षक, व्यापारी, शेतकरी, लेकरं घेऊन आलेल्या बायका. त्या विलायती बँडचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. त्यांना सगळंच नवीन. आम्ही आधी त्या बँडचं वीस मिनिटांचं वाजवलं, मग आमचं अकरा मिनिटांचं. एक चिमुरडी मधल्या संथ भागात स्टेजच्या पायरीवर येऊन बसली आणि आईनं बोलावलं तरी गेली नाही. नंतर एक निवृत्त मास्तर निपाणीला म्हणाले, "ते पहिलं तू केलंस ते चांगलं हाय, पण जरा लांबलंय. दुसरं इंग्लंडचं, ते खरं."

आम्ही कुणीच त्यांची चूक दुरुस्त केली नाही. गाडीत बसल्यावर कंग्राळी इतका हसला की त्याला ठसका लागला. निपाणी हसत होता आणि डोळेही पुसत होता.

त्यानंतर तीन वर्षं वाजवलं. मग हिंडलगा नोकरीसाठी बेंगळुरूला गेली, कंग्राळीचं लग्न झालं, शेती आणि कारखान्यातली ड्यूटी सांभाळताना त्याला रविवारही पुरेना. भांडण नाही, निरोपाचा कार्यक्रम नाही. एका महिन्यात तालीम झाली नाही, पुढच्याही झाली नाही. आमची पाच गाणी रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकली होती, ती तिथं पडून आहेत.

गेल्या पावसाळ्यात सांगलीच्या काही विद्यार्थ्यांचा मेसेज आला. त्यांना ते अकरा मिनिटांचं गॅदरिंगला वाजवायचं होतं. विचारलं होतं, "सर, मधल्या भागात शेवटी सात मात्रा आहेत का आठ?" मी चौघांच्या ग्रुपवर टाकलं. कंग्राळी म्हणाला सात, हिंडलगा म्हणाली आठ. निपाणीनं लिहिलं, "मला आठवत न्हाय रं. रेकॉर्डिंगच्या दिवशी जसं आलं तसं वाजवलं." मी कानाला हेडफोन लावून चार वेळा ऐकलं, तरी पक्कं सांगता येईना. शेवटी त्या पोरांना कळवलं, तुम्हाला जे बरं वाटेल ते घ्या.