आधी शिनाख्त, मग बंदोबस्त

कुठलंही अनोळखी गवत दिसलं की काका वाकायचे, एक काडी खुडायचे आणि अंगठा व तर्जनीमध्ये धरून तपकिरीची चिमूट चोळावी तशी फिरवायचे. फिरवताना डोळे मिटलेले. मग डोळे उघडून निकाल द्यायचे, आणि निकालाआधी एक वाक्य ठरलेलं, "आधी शिनाख्त, शेठाणी. मग बंदोबस्त."

शिनाख्त म्हणजे ओळख पटवणं, आणि शेठाणी म्हणजे मी. बजाजनगरच्या रस्त्याला माझी नर्सरी आहे. आज पाटी मोठी आहे, पण सुरुवात केली तेव्हा चार बांबू, एक पत्रा आणि मिरची-वांग्याची रोपं एवढंच होतं. भाव करायला मी वैजापूरच्या मोंढ्यात शिकले, वडिलांच्या कांद्याच्या ढिगाशेजारी उभी राहून. तिथं जो गप्प बसतो त्याचा माल मातीमोल जातो. म्हणून मी कधी गप्प बसले नाही. तोंड वाजवून उभं केलेलं माझं राज्य आहे, आणि त्याची मला लाज नाही.

काका मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. शाळा निजामाच्या काळात उर्दूतून झालेली, पोलीस अ‍ॅक्शननंतर मराठीतून नोकरी. त्यामुळे बोलण्यात दोन्ही राज्यं नांदायची. डोक्यावर काळी टोपी, हातात पिशवी, पिशवीत खुरपं. सकाळी फिरायला म्हणून निघायचे आणि माझ्या नर्सरीत येऊन भांडायचे.

"हा गुलाब कितीला?"

मी भाव सांगायची.

"शेठाणी, मी कुंडी मागितली. प्लॉट नाही."

"काका, कलम हाय ते. तुमच्या सरकारी नोकरीसारखं आयतं नाय आलं."

"सरकारी नोकरीत उन्हात साखळी ओढली आहे मी. काळा पडलो तो काय लग्नात?"

मग ते टोपी काढून डोकं पुसायचे, फाटकापर्यंत जायचे, तिथं उभं राहून आकाश बघायचे. मी हाक मारायची नाही. ते वळून यायचे आणि म्हणायचे, "मी परत आलो नाही. चष्मा विसरलो होतो." चष्मा नाकावरच असायचा. शेवटी सौदा व्हायचा आणि जाताना मूठभर शेणखत ते वर घ्यायचेच. आयुष्यात पुष्कळ गिऱ्हाइकं पाहिली. माझ्याकडून ती मूठ घेऊन जाणारा दुसरा कुणी झाला नाही.

तुम्ही म्हणाल, कंजूष असेल म्हातारा. नाही. भाव करणं हे त्यांच्या लेखी समोरच्याला दिलेला मान होता. ज्याला ते मोजत नसत, त्याला मुकाट्यानं पैसे देऊन निघून जात.

एका वर्षी वाळूजच्या एका कारखान्याच्या दर्शनी बागेचं काम मला मिळालं. माझं पहिलं मोठं काम. हिरवळ लावायची, कडेनं फुलझाडं, आणि नीट जमलं तर बाग सांभाळायचं कायमचं काम माझ्याकडे. बाईमाणसाला हे जमेल का, असं तिथल्या बागेचे साहेब माझ्या तोंडावर म्हणाले होते. त्यामुळे ते काम मला जिवापेक्षा प्यारं झालं होतं.

हिरवळीसाठी काळी माती लागली. मातीवाल्याचा भाव मी असा पाडला की तो डोक्याला हात लावून बसला. "शेतातली माती आहे ताई, सोनं आहे," असं शपथेवर सांगून त्यानं ट्रॅक्टर ओतले. जूनमध्ये हिरवळ लावली, पाऊस झाला, आणि पंधरवड्यात माझ्या नाजूक हिरवळीतून तकतकीत, ताठ, गडद हिरवी पाती वर आली. हिरवळीच्या दुप्पट वेगानं.

मी बाया लावल्या. ओल चांगली होती, त्यामुळे रोप ओढलं की अलगद हातात यायचं. दिवसभरात वाफा स्वच्छ. मी बायांना भजी खाऊ घातली. पुढच्या आठवड्यात जाऊन बघते तर जिथं एक होतं तिथं चार. साहेब कमरेवर हात ठेवून उभे. म्हणाले, "खंडेनवमीला पूजेसाठी मोठे साहेब येणार. तोपर्यंत हे असंच राहिलं तर मी दुसरा माणूस बघतो." माणूस या शब्दावर त्यांनी जोर दिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आले. माझा चेहरा पाहून त्यांनी भावच विचारला नाही.

"काय शेठाणी, कुणाला खाऊ की गिळू?"

"त्या हरळीला, दुसरं कुणाला."

"हरळी आहे हे कुणी सांगितलं?"

"मला काय गवत कळत नाय व्हय?"

"आधी शिनाख्त," म्हणाले, आणि माझ्या टेम्पोत पुढं चढून बसले.

बागेत उतरून त्यांनी एक काडी खुडली, डोळे मिटून फिरवली आणि माझ्या हातात दिली. "फिरवा."

मी फिरवली. काडी बोटांत सरळ फिरेना, कडांवर अडखळत होती. तीन कडा.

"हरळीची काडी गोल असते. ही तिधारी आहे. लव्हाळा, शेठाणी. गवतच नाही हे."

मग त्यांनी पिशवीतून खुरपं काढलं आणि बुडाशी न मारता लांबून खणायला घेतलं. माती बोटांनी बाजूला करत खाली गेले. रोपाच्या तळाशी काळपट गाठ, गाठीतून तारेसारखा दोरा निघालेला, दोऱ्याच्या टोकाला दुसरी गाठ, तिथून पुढं तिसरी. पार कडेच्या फरशीखाली.

"हरळी चोर आहे. कुंपणावरून येते, दिसते, पकडता येते. हा चोर नाही, हा वारस आहे. जमिनीखालून हक्क सांगतो. तुम्ही वरून ओढलंत, दोरा तुटला. तुटला की मागची झोपलेली प्रत्येक गाठ जागी होते. एक मेला म्हणून चौघांनी दावा लावला."

मी डोक्याला हात लावला. काकांनी तोवर मातीचं ढेकूळ फोडून तळहातावर पसरलं होतं. त्यात बारीक पांढरे शंख होते, मेलेल्या गोगलगाईंचे.

"शेतातली माती म्हणाला ना तो? ही नाल्याच्या काठची आहे. लव्हाळ्याचं माहेर. तुम्ही त्याचा भाव पाडलात, त्यानं माती पाडली. हिशोब चोख."

"म्हंजे चूक माझी व्हय?"

"चूक कुणाची ते कोर्ट ठरवेल. मी फक्त मोजणी करतो."

माझं डोकं सणकलं. आणि आजही सांगते, भाव पाडणं हा माझा हक्क होता, शब्द मोडणं हा त्या मातीवाल्याचा नव्हता. तो आता समोरून आला की मी रस्ता बदलत नाही, त्याला बदलायला लावते.

पण दुसऱ्या दिवशी काका खुंट्या आणि सुतळी घेऊन कारखान्याच्या फाटकावर माझ्याआधी हजर. जमिनीची मोजणी करावी तसे त्यांनी बागेत पट्टे आखले. एक पट्टा पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्यात पाय टाकायचा नाही. बायांनी खोल खणायचं, माती वाळूच्या चाळणीतून गाळायची, गाठी घमेल्यात. घमेलं जमिनीवर रिकामं केलेलं दिसलं तर म्हातारा कडाडायचा, "कैद्याला वेशीवर सोडता होय?" सगळ्या गाठी माझ्या शेडच्या पत्र्यावर वाळत पडल्या. आपल्याकडं ऑगस्टात पावसाची उघडीप लागते आणि सगळे आकाशाकडं बघत कुढतात. त्या वर्षी काका एकटेच खुशीत होते. तापलेल्या पत्र्यावर गाठी सुरकुतून खडखडीत झाल्या.

"आता हिरवळ परत लावू," मी म्हणाले.

"हिरवळ नाही. अजून खाली राहिलेत. हिरवळ बुटकी, लव्हाळा तिच्या डोक्यावर पाय देऊन उभा राहील. याला उन्हाची हाव आहे. याच्यावर सावली टाका. उपाशी ठेवा."

"सावली कशाची टाकू, माझ्या पदराची?"

काकांनी माझ्या नर्सरीतल्या ट्रेकडं खुरपं रोखलं. झेंडूची रोपं होती, दसऱ्याच्या बाजारासाठी शेतकऱ्यांना विकायला वाढवलेली.

"दाट लावा. पानाला पान भिडलं पाहिजे."

साहेबांना हिरवळ हवी होती, आणि मी तिथं झेंडू लावणार. काम गेलं असतं तर पुढच्या वर्षी पुन्हा मिरचीची रोपं विकत बसले असते. रात्रभर तळमळले आणि सकाळी सगळा झेंडू गाडीत भरला.

साहेब खवळले. मी त्यांच्यापेक्षा जास्त खवळले. "खंडेनवमीला मशिनींना हार कुठून आणता? बाजारातून ना? यंदा दारातून घ्या. हिरवळीवर मोठे साहेब चालणार, की फुलं मशिनीवर चढणार, ते बोला!" काका बाजूला फरशीवर बसून टोपीनं वारा घेत होते. मला म्हणाले, "जरा हळू शेठाणी, सौदा झालाय. ते आता फाटकापर्यंत जाऊन आकाश बघतील." आणि खरंच, साहेब थोडं पुढं गेले, थांबले आणि परत आले.

झेंडूनं माती झाकली. आठवड्याला काका यायचे, झुडपं हातानं बाजूला सारून आत बघायचे. सावलीत फुटलेला लव्हाळा पिवळा, मान टाकलेला. तो कोवळा असतानाच ते खुरप्यानं गाठीसकट उचलायचे. त्याला पोट भरून नवी गाठ धरू द्यायची नाही, एवढंच तंत्र. खंडेनवमीला कामगारांनी पाट्या भरभरून फुलं तोडली. प्रत्येक मशिनीला हार, फाटकाला तोरण. मोठ्या साहेबांनी बाग कुणाची म्हणून विचारलं. मी पुढं झाले. पुढच्या वर्षी हिरवळ लागली आणि ते काम आजही माझ्याकडं आहे.

"पण गेला का हो पुरता?" मी एकदा विचारलं.

"जात नसतो. तो आपल्या आधीपासून इथला आहे. त्याला हद्दीत ठेवायचं."

त्याच वर्षी दसऱ्याला सोनं द्यायला मी पहिल्यांदाच त्यांच्या घरी गेले. छोटं घर, खुंट्या-सुतळीनं आखलेली बाग, लव्हाळ्याचं एक पातं नाही. आणि गच्चीच्या कठड्यावर सिमेंटच्या मोठ्या कुंडीत तो. ताठ, तकतकीत, तुरे काढून उभा. खाली फरशी, चारी बाजूंनी मोकळं, कुठंही पळायला जागा नाही.

माझा आवाज चढला. "काका! माझ्या कंबरेचे काटे ढिले केले याच्यापायी, अन् तुम्ही घरात पाळलाय?"

"नजरकैदेत आहे," काका म्हणाले.

मग त्यांनी खुरप्याच्या टोकानं एक गाठ उकरली, धुतली, नखानं सोलली आणि माझ्या हातावर ठेवली. मातीचा, कापराचा, जुन्या देवघराचा, असा काहीसा वास.

"नागरमोथा. गुलमंडीवर काष्ठौषधीवाल्याकडून दिवाळीला विकत आणता, तोच. आमची मंडळी विकत आणायची नाही. माझ्या बागेतला लव्हाळा काढून दिला की ती वाळवायची, कुटायची, उटण्यात घालायची. मी बाग अशी साफ केली, की तिच्या उटण्याला गाठ मिळेना. म्हणाली, तुम्ही फार चांगले मोजणीदार आहात. तेव्हा ही कुंडी केली."

"आता कोण करतं उटणं?"

"कोणी नाही," म्हणाले. "पण जामीन दिलाय, तो मोडवत नाही."

त्या दिवशी मी भांडले नाही. त्यांनीही मला शेठाणी म्हटलं नाही. चहा मात्र त्यांनी स्वतः केला आणि त्यात साखर विसरले.

काका गेले ते उन्हाळ्यात. मला कुणी कळवलं नाही. मी वैजापूरला लग्नाला गेले होते. परत आल्यावर कितीतरी सकाळी मी त्यांची वाट बघितली आणि मनातल्या मनात भांडणाची तयारी केली. शेवटी दूधवाल्यानं सांगितलं. हा राग माझ्या मनातून गेलेला नाही, सांगून ठेवते. रोज भांडणारं माणूस म्हणजे नात्यातलंच असतं. एक निरोप यायला हवा होता.

त्याच रागात मी त्यांच्या घरी गेले. मुलगा आणि सून पुण्याहून आलेले, सामानाची आवराआवर चाललेली. मी सुनेला म्हणाले, "कठड्यावरची कुंडी मला द्या. काय घेता बोला."

"अहो, पैसे कसले? न्या की. गवत तर उगवलंय त्यात."

"गवत नाय ते!"

मी इतक्या मोठ्यानं ओरडले की मुलगा आतून बाहेर आला. मग मी एक काडी खुडली आणि त्या बिचाऱ्या मुलीच्या हातात दिली. "फिरवा. डोळे मिटून." तिनं घाबरत फिरवली. काडी तिच्या बोटांत अडखळली. मी कोपऱ्यातलं काकांचं खुरपं उचललं, एक गाठ उकरली, नखानं सोलली आणि तिच्यासमोर धरली.

तिनं वास घेतला. परत घेतला. मग नवऱ्याकडं वळून म्हणाली, "अहो, हा तर आईंच्या उटण्याचा वास."

मुलानं ती गाठ हातात घेतली आणि बराच वेळ नाकाशी धरून तो कठड्याकडं तोंड करून उभा राहिला.

मी खुरपं जागेवर ठेवलं. आता ही कुंडी मागणं बरं नव्हतं, एवढं मोंढ्यात न शिकताही कळतं. निघाले, फाटकापर्यंत गेले, आणि परत आले.

"जमिनीत लावू नका," मी सुनेला म्हणाले. "कितीही वाटलं तरी. कुंडीतच ठेवा, खाली फरशी पाहिजे."

"का हो?"

"नजरकैद आहे ती. काकांचा हुकूम."